घरातल्या माणसाच्या मागे राहिलेल्या लॉजच्या वस्तूंचं काय करायचं? मराठवाड्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या आईचे वडील निजाम स्टेट रेल्वेत होते, पूर्णा जंक्शनला. ते गेल्यावर त्यांची काळी पत्र्याची ट्रंक आजोळच्या माळवदाच्या घरात बळदाशेजारी वर्षानुवर्षं पडून होती. एकदा उघडली तेव्हा आतून निळ्या किनारीचा पांढरा एप्रन, दोन पदकं, कागदांची सुरळी आणि बारीक अक्षरातलं एक इंग्रजी पुस्तक निघालं. आजोबा फ्रीमेसन होते, हे घरात फक्त आजीला ठाऊक होतं आणि तोवर तीही गेली होती. पुढे परभणी, नांदेड, जालन्याकडच्या ओळखीच्या घरांतून असेच फोन येत राहिले. "ताई, आमच्याकडेही तसलंच काहीतरी निघालंय. काय करावं?" लोक जे विचारतात ते, आणि मी त्यांना जे सांगते ते, इथे एका जागी लिहिलं आहे.

लॉज म्हणजे कोणती? आम्हाला बसस्टँडसमोरची लॉज माहीत आहे.

ती ही नव्हे. फ्रीमेसनरी ही एक जुनी बंधुसंघटना आहे आणि तिच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात. तिचा चेहरामोहरा गवंड्यांच्या कामावरून घेतलेला आहे. गुण्या, ओळंबा, लेव्हल, थापी, छिन्नी, हातोडी अशी हत्यारं तिथे चांगल्या वागणुकीची चिन्हं म्हणून वापरतात. लंडनमधल्या पहिल्या ग्रँड लॉजचा, म्हणजे अनेक लॉजवरच्या मुख्य संस्थेचा, आरंभ १७१७ सालचा मानतात, आणि १७३० च्या सुमारास फ्रीमेसनरी कलकत्त्यात आली. सभासदाची ईश्वरावर, मग तो कोणत्याही नावाचा असो, श्रद्धा असावी लागते. भारतातल्या लॉजमध्ये हिंदू गीतेवर, मुसलमान कुराणावर, पारशी अवेस्तावर हात ठेवून शपथ घेत आले आहेत. लॉजच्या बैठकीत धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला मनाई असते.

आमच्या मराठवाड्यातल्या माणसाकडे हे आलं कुठून?

बहुतेक वेळा हैदराबादहून. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. वकिली, डॉक्टरी, सरकारी नोकरी, वरचं शिक्षण या सगळ्या वाटा हैदराबाद-सिकंदराबादकडे जायच्या. मनमाडहून संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणाऱ्या लाइनवर कितीतरी घरांतली माणसं नोकरीला होती. औरंगाबाद, जालना, हिंगोली इथे इंग्रजी अमलातल्या छावण्या होत्या. हैदराबादची कुतुबशाही काळातली गोशामहल बारादरी फ्रीमेसनांच्या ताब्यात आली, ती आजही लॉज म्हणून ओळखली जाते. म्हणून तुमच्या पणजोबांच्या सभासदत्वाच्या दाखल्यावर गावाचं नाव सिकंदराबाद दिसलं तर नवल नाही.

हे खरंच फ्रीमेसनचं आहे की दुसऱ्या कुठल्या संस्थेचं?

आधी हे ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. गुण्या आणि कंपास एकमेकांत अडकवलेले, मधे कधी इंग्रजी 'जी' (G) अक्षर, असं असेल तर फ्रीमेसनचं. चोवीस दात्यांचं चाक असेल तर रोटरीचं. दोन दिशांना पाहणारी सिंहाची दोन तोंडं असतील तर लायन्सचं. स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप, त्यात षट्कोण आणि वर ओम असेल तर थिऑसॉफिकल सोसायटीचं. तिच्याही शाखांना लॉजच म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो.

फ्रीमेसनचं ठरलं की एप्रन बघा. कोरा पांढरा असेल तर माणूस सभासदत्वाच्या पहिल्या पायरीवरचा. खाली दोन निळी फुलं असतील तर दुसऱ्या. फिक्या निळ्या किनारीसह तीन फुलं असतील तर तिसऱ्या, म्हणजे पूर्ण सभासद. फुलांच्या जागी धातूच्या उलट्या टी-सारख्या खुणा असतील तर त्या माणसाने लॉजचं प्रमुखपद भूषवलं आहे, हे अभिमानाने नोंदवून ठेवा. ही रीत इंग्लंडच्या पद्धतीची. स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या सनदेखालच्या, म्हणजे तिच्या परवानगीपत्रावर चालणाऱ्या, लॉज आपापला रंग ठरवतात, म्हणून हिरवा किंवा लाल एप्रन निघाला तरी तो परका समजू नका.

गळ्यातल्या रुंद पट्ट्याला लटकणारं चिन्ह पद सांगतं. गुण्या प्रमुखाचा, लेव्हल आणि ओळंबा त्याच्या खालच्या दोघांचे, किल्ली खजिनदाराची, एकमेकांवर ठेवलेल्या दोन लेखण्या सचिवाच्या. माझ्या आजोबांच्या पेटीत लेखण्या होत्या. रेल्वेतला तो अबोल माणूस महिन्याच्या महिन्याला सभेचं इतिवृत्त लिहीत असणार, हे मला त्या दोन इंचांच्या पत्र्याने सांगितलं.

कमानीच्या मधल्या दगडाच्या आकाराचं पदक असेल आणि भोवती एच, टी, डब्ल्यू, एस, एस, टी, के, एस अशी अक्षरं असतील, तर तो मंत्रतंत्र नाही. मार्क मेसन नावाच्या पुढच्या पायरीचं ते पदक आहे. मंदिर बांधणाऱ्या हिराम नावाच्या कारागिराला सॉलोमन राजाकडे पाठवल्याच्या कथेची ती आद्याक्षरं आहेत.

एका कापडावर कवटी आणि शवपेटी आहे. आई म्हणते हे घरात नको.

आईंची भीती खोटी ठरवू नका, चित्राचा अर्थ सांगा. तिसऱ्या पायरीच्या वेळी माणसाला मृत्यूची आठवण करून देतात, आयुष्य थोडं आहे ते नीट जग, म्हणून. त्या चित्रात बाभळीच्या जातीची एक हिरवी डहाळीही असते, ती आत्म्याच्या अमरत्वाची खूण. आईंना गीतेचा दुसरा अध्याय ठाऊक असेलच, त्यातलंच हे. एकमेकांत गुंफलेले दोन त्रिकोण दिसले तर ती रॉयल आर्च नावाच्या शाखेची खूण आहे, कुणी केलेलं यंत्र नव्हे.

पूर्वी काही शहरांत लॉजच्या इमारतीला लोक जादूघर म्हणत. दार बंद करून सभा होते म्हणजे आत काहीतरी वाईट चालत असणार, ही समजूत तिथून आली. स्वामी विवेकानंद संन्यासापूर्वी, १८८४ मध्ये, कलकत्त्यात फ्रीमेसन झाले होते. मोतीलाल नेहरूही होते. ज्या घरात लोक फार धास्तावलेले असतात, तिथे मी हे आवर्जून सांगते.

कातड्याचा एप्रन देवघराच्या खोलीत ठेवावा का?

एप्रन कोकराच्या कातड्याचा असतो. तुमच्या घरात कातडं देवापाशी चालत नसेल तर दुसऱ्या खोलीत ठेवा, पण घराबाहेर काढू नका. आमच्या आजीने सोवळ्यामुळे आजोबांचा पहिला एप्रन गोठ्याच्या माळ्यावर टाकला होता. त्याला वाळवी लागली. आज त्याची फक्त निळी फीत उरली आहे.

तेराव्याला सगळे जमले आहेत, तेव्हाच वाटून टाकावं का?

नको. दिवसांत कपडे, अंथरूण देऊन टाकायची आपल्याकडे रीत आहे आणि त्या ओघात ही पेटीही जाते. मी पाहिलेल्या घरांत सर्वांत जास्त नुकसान याच पंधरवड्यात झालं आहे. कुणीतरी "हे जुनं इंग्रजी काय करायचं" म्हणतं आणि कागद रद्दीत जातात. पेटी बंद करून एका माणसाच्या ताब्यात द्या, त्यावर नाव आणि तारीख लिहा, आणि निर्णय वर्षश्राद्धानंतर घ्या. त्या वर्षात फक्त एक काम करा. प्रत्येक वस्तूचा, पुढून-मागून, मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

एप्रन चितेवर ठेवायचा होता. चालतं का?

काही देशांत फ्रीमेसनच्या देहाबरोबर एप्रन पुरण्याची पद्धत आहे. आपल्याकडे हा पूर्णपणे घरच्यांचा निर्णय. त्यांनी तशी इच्छा सांगितली असेल तर पाळा. सांगितली नसेल तर घाईत ठेवू नका, कारण ते परत आणता येत नाही. धातूचं पदक मात्र चितेवर ठेवूच नका.

यातलं घरचं किती आणि लॉजचं किती?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि माझ्या मते सर्वांत आधी विचारायला हवा. एप्रन, छातीला लावायची पदकं आणि दाखला सहसा त्या माणसाचा स्वतःचा असतो. एप्रन त्याने विकत घेतलेला किंवा भेट मिळालेला, दाखला त्याच्या नावाचा. पदाचा गळपट्टा आणि त्याला लटकणारं चिन्ह मात्र बहुतेक लॉजच्या मालकीचं असतं. एकाने पद सोडलं की पुढच्याच्या गळ्यात जायचं. इतिवृत्ताच्या वह्या, हजेरीबुकं, वर्गणीची खाती, शिक्के, लॉजची सनद या लॉजच्याच वस्तू. त्या घरी का असतील? सचिव किंवा खजिनदार घरी काम करायचा आणि आजारपणात ते परत द्यायचं राहून जायचं. आमच्याकडे १९४० च्या दशकातली एक वही होती. ती आम्ही परत केली. घेणाऱ्या गृहस्थांनी ती दोन्ही हातांनी घेतली, आणि त्या काळाची दुसरी वही त्यांच्याकडे नव्हती.

लॉजच्या वस्तू विकू नका. किंमत किती येईल हा मुद्दाच नाही. ज्या माणसाच्या विश्वासावर त्या घरी आल्या, त्याचं नाव त्याला जोडलेलं आहे.

मग लॉज शोधायची कशी? ती बंद पडली असेल तर?

दाखला उघडा. वर ज्या ग्रँड लॉजचं नाव असेल तिच्याकडे धागा जातो. स्वातंत्र्यापूर्वी भारतात इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड अशा तिन्ही देशांच्या सनदा असलेल्या लॉज होत्या. २४ नोव्हेंबर १९६१ ला ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली आणि बऱ्याच लॉज तिच्याखाली आल्या, काही जुन्याच सनदेखाली राहिल्या. म्हणून १९६१ च्या आधीच्या आणि नंतरच्या कागदांत त्याच लॉजचा क्रमांक वेगळा दिसू शकतो. दोन्ही क्रमांक लिहून ठेवा.

ग्रँड लॉज ऑफ इंडियाचं कार्यालय दिल्लीत आहे. तिच्या चार प्रादेशिक ग्रँड लॉज आहेत, पश्चिमेची मुंबईत आणि दक्षिणेची चेन्नईत. दाखला हैदराबाद-सिकंदराबादचा असेल तर दक्षिणेकडे, नाहीतर मुंबईकडे लिहा. पत्रात आजोबांचं पूर्ण नाव, लॉजचं नाव, क्रमांक, गाव, दीक्षेची तारीख आणि फोटो द्या. इंग्लंडच्या सनदेखालच्या लॉजची, बंद पडलेल्यांसकट, यादी इंटरनेटवर मोफत बघता येते, ती लेनची नोंदवही म्हणून ओळखली जाते. इंग्लंडची १७५१ ते १९२१ पर्यंतची सभासद-पुस्तकंही वंशावळीच्या संकेतस्थळांवर आली आहेत आणि त्यांत भारतातल्या लॉजही आहेत. पणजोबांचं नाव, धंदा आणि वय तिथे सापडू शकतं. लंडनच्या फ्रीमेसन संग्रहालयातले लोक पत्राला उत्तर देतात.

लॉज बंद पडली असली तरी सनद देणारी मूळ संस्था असते. तिला विचारा.

दाखल्यावर साल ५९३५ लिहिलंय. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. फ्रीमेसन सृष्टीच्या आरंभापासून वर्षं मोजतात. त्यातून ४००० वजा करा, काही दाखल्यांत ४००४, म्हणजे इसवी सन मिळतो. बहुतेक वेळा शेजारी नेहमीचं सालही छापलेलं असतं, ते धरा. त्याच पेटीत निजाम सरकारचे कागद असतील तर त्यांवर फसली साल असतं, त्यात ५९० मिळवा. फसली १३५० म्हणजे साधारण १९४०-४१.

उर्दू कागद वाचता येत नाहीत म्हणून टाकू नका. १९४८ च्या पोलीस ॲक्शनआधीचा सरकारी कारभार उर्दूत चालायचा. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या मुसलमान शेजाऱ्याकडे किंवा उर्दू शाळेतल्या शिक्षकांकडे घेऊन बसा. आमच्या आजोबांच्या बदलीचा हुकूम अशाच एका चाचांनी वाचून दाखवला, तेव्हा ते सिकंदराबादला कधी गेले आणि लॉजमध्ये कधी आले याचा मेळ बसला.

ते पुस्तक आम्ही वाचलं तर चालेल का? अर्धे शब्द तुटलेले आहेत.

विधीचं पुस्तक आहे ते. शब्द मुद्दाम एकेका अक्षराने छापलेले असतात, पाठ असणाऱ्याला आठवावेत म्हणून. शपथ त्यांनी घेतली होती, तुम्ही नाही, त्यामुळे वाचल्याने काही बिघडत नाही. पण समासात पेन्सिलीने लिहिलेल्या टिपा असतील तर त्या त्यांच्या हातच्या आहेत, खोडू नका.

चांदी आहे का? सोनाराकडे मोडावी का?

पदकामागे बारीक शिक्के बघा. चालणारा सिंह म्हणजे इंग्लंडची ९२५ कसाची चांदी, शेजारी जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅमची. बरीच पदकं सोन्यासारखी चमकतात ती चांदीवर सोन्याचा मुलामा असल्यामुळे, आणि कित्येक तर साध्या पितळेची. भारतात घडवलेल्यांवर हे शिक्के नसतात, त्यांचा कस सोनाराकडून तपासता येईल, पण समोर उभं राहून, कुठेही न घासता.

मोडू नका. पाच-सहा तोळ्यांच्या चांदीचे पैसे येतील आणि मागे कोरलेलं नाव, लॉजचा क्रमांक, तारीख वितळून जाईल. अडचण आली तर पैशांची गरज मी समजू शकते, तशी वेळ आली तर निदान आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि कोरीव मजकूर वहीत उतरवून घ्या.

विकायचंच ठरलं तर?

स्वतःची असेल तीच वस्तू विका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखिताला ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, परदेशातल्या ऑनलाइन ग्राहकाला कुरिअर करणं म्हणजेही निर्यातच. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला आधी लिहा, त्यांचं कार्यालय संभाजीनगरातही आहे. हातोडीच्या मुठीला हस्तिदंत असेल तर ती विकायचीच नाही, वन्यजीव कायद्याने हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. पेटीत तलवार निघाली तर ती बसमधून, कुरिअरने कुठेही हलवू नका. दारावरच्या पहारेकऱ्याची ती नुसती शोभेची असली तरी जवळच्या ठाण्यात आधी जाऊन विचारा.

जपून ठेवायचं तर आमच्या हवेत कसं?

उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर जातं, कातडं वाळून तडकतं. पावसाळ्यात बुरशी धरते. पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीखालच्या माळ्यावर ठेवू नका, घरातल्या सर्वांत थंड भिंतीच्या आतल्या कपाटात ठेवा, आणि माळवद असेल तर गळणाऱ्या कोपऱ्यापासून लांब. एप्रन घडी न घालता सपाट ठेवा, मधे धुतलेलं, खळ न केलेलं जुनं मऊ सुती कापड घाला. जुनं धोतर यासाठी उत्तम. कडुलिंबाचा वाळलेला पाला बाहेरच्या बाजूला टाका, वस्तूला चिकटून नको. डांबर गोळी कापडाला लागू देऊ नका. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आणि पाडव्याच्या साफसफाईत, उघडून कसर आणि वाळवी बघा.

पदकं रांगोळी, चिंच, टूथ पावडर यांनी घासायची नाहीत. आपल्या घरांतली ही सवय देवाच्या भांड्यांना चालते, पण पदकावरचा निळा-लाल मीना आणि मुलामा त्याने निघून जातो. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बस.

दाखला लॅमिनेट करू नका. आमच्या एका मावसभावाने प्रेमाने तो एका दुकानात लॅमिनेट करून आणला. आता सही पिवळी पडते आहे आणि प्लास्टिक काढलं तर कागद येईल. सुरळीचा दाखला उघडून सपाट फाइलमध्ये, उजेडापासून दूर ठेवा. भिंतीवर लावायचा असेल तर छायाप्रत लावा.

आम्ही पाच भावंडं. कुणी काय घ्यायचं?

मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा हक्क आहे. "ते तर वडिलांच्या पुरुषांच्या मंडळातलं, मुलीला काय करायचं" असं म्हणून लेकींना बाजूला काढतात, ते करू नका. मी पाहिलेल्या घरांत कागद जपणारी बहुतेक वेळा लेकच होती. माझं मत विचाराल तर संच तोडू नका. एप्रन एकाकडे, दाखला दुसऱ्याकडे, फोटो तिसऱ्याकडे गेले की पंचवीस वर्षांनी कोणालाच कळत नाही काय कोणाचं. एका घरात सगळं ठेवा, बाकीच्यांना फोटोंची प्रत द्या.

संग्रहालयाला द्यायचं म्हणतो आहोत.

आधी पत्र लिहून विचारा, थेट पेटी घेऊन जाऊ नका. संभाजीनगर आणि नांदेडची विद्यापीठं, त्यांचे इतिहास विभाग, हैदराबादकडच्या संस्था यांपैकी ज्यांना हवं असेल त्यांनाच द्या. देताना वस्तूंची यादी, दोघांच्या सह्या आणि "मूळ मालक कोण होते" अशी ओळ असलेलं दानपत्र करा. नुसता एप्रन संग्रहालयाला फार काही सांगत नाही. त्याच्याबरोबर दाखला, फोटो आणि तुम्ही लिहिलेली दोन पानांची माहिती गेली की त्याचा उपयोग होतो.

"हे कुणाला दाखवू नका," असं ते म्हणाले होते.

त्यांच्या मनात काय होतं ते बघा. लॉजमधल्या ओळखीच्या खुणा आणि शब्द सभासद बाहेर सांगत नाहीत, ती त्यांची शपथ. आपण सभासद आहोत हे लपवण्याची सक्ती नव्हती. त्या काळी गावात चर्चा नको, म्हणूनही अनेकांनी गप्प राहणं पसंत केलं असेल. ते असताना स्पष्ट सांगून गेले असतील की पेटी लॉजला परत द्या, तर परत द्या. नुसतं "दाखवू नका" असेल, तर घरात ठेवा, मिरवू नका, आणि त्यांची माहिती कुटुंबाच्या वहीत लिहा.

एका फोटोत एप्रन घातलेले अकरा जण आहेत. ते कोण?

हे आजच विचारा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसासमोर फोटो ठेवा, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, आणि सुचवू नका, त्यांना बोलू द्या. मावशी आधी म्हणते "मला काही आठवत नाही," आणि चहा होईपर्यंत सांगते, "हा उंच, हा पारशी गार्ड, आम्हाला खारका आणायचा." नाव कळलं की फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा, बॉलपेन नको. आमच्या फोटोत अकरांपैकी चार नावं लागली आहेत. मावशी या पावसाळ्यात अठ्ठ्याऐंशीची झाली. मी दर सणाला तो फोटो घेऊन तिच्याकडे जाते.